बाई, अकिलीस रुसून बसतो. मग तो वीर कसला?

प्रश्न : बाई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘प्राचीन ग्रीक महाकाव्यातील वीराचे गुण’ हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. नोट्समध्ये सात गुण दिलेत : शौर्य, निष्ठा, नम्रता, देशप्रेम, त्याग, न्यायबुद्धी, देवभक्ती. ते पाठ केले. मग हौसेनं ग्रंथालयातून इलियडचं भाषांतर आणलं, तर पहिल्याच सर्गात अकिलीस वाटणीवरून भांडतो, समुद्राकाठी बसून रडतो, आईला हाक मारतो आणि आपल्याच बाजूची माणसं मरू देत म्हणतो. पहिला गुण सोडला तर बाकी कशाचा पत्ता नाही. मी चुकीचं पुस्तक आणलं का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

पुस्तक बरोबर आहे, पोरी. नोट्स बदल. निदान ‘नम्रता’ तरी आजच्या आज खोड.

इलियड रचणाऱ्या होमरच्या वीराला नम्रता ठाऊकच नाही. ट्रॉयच्या बाजूनं लढणारा ग्लॉकस काय, ग्रीकांचा अकिलीस काय, दोघांच्याही बापांनी घरातून निघताना पोराला एकच सांगितलंय : कायम पहिला राहा, इतरांच्या वर राहा. आपल्याकडं वस्ताद पोराला मैदानात सोडताना याहून वेगळं काय सांगतो? ‘देशप्रेम’ही खोड. पहिल्या सर्गातच अकिलीस ग्रीकांच्या सेनापतीला, ॲगॅमेम्नॉनला, तोंडावर सुनावतो : ट्रॉयवाल्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. माझी गुरं नेली नाहीत, घोडी नेली नाहीत, माझ्या गावचं पीक तुडवलं नाही. मी आलोय तो तुम्हा दोघा भावांच्या, तुझ्या आणि मेनेलॉसच्या, मानासाठी. देशासाठी लढणारा माणूस इलियडमध्ये शोधायचाच असेल तर तो पलीकडच्या बाजूला सापडतो, ट्रॉयचा राजपुत्र, त्याचं नाव हेक्टर.

आता रुसण्याचं. तुला हसू येणं साहजिक आहे. मला येत नाही, कारण मी असं रुसणं घरात पाहिलंय.

आमचे आबा पैलवान होते. फार मोठे नव्हेत, पण दोन्ही कान मोडून त्यांची गाठोडी झालेली, आणि आमच्या पेठेत तेवढं प्रमाणपत्र पुरत होतं. मी चौथीत असताना ते एका जत्रेच्या मैदानाला गेले. गावाचं नाव सांगत नाही, त्या पंचांचे नातू आज मैदान भरवतात. पुकारा झाला होता एक्कावन्न रुपये आणि फेट्याचा. आबांनी घिस्सा मारून जोड चितपट केली. एक्कावन्न रुपये मोजून हातात पडले. फेटा मात्र दुसऱ्याच पैलवानाच्या डोक्यावर चढला, कारण तो कुणा बड्या माणसाचा पाव्हणा. आबा घरी आले, पैसे आईपुढं टाकले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. फेट्याचं कापड असून असून किती रुपयांचं? पण हजार माणसांदेखत तो कुणाच्या डोक्याला बांधला जातो, हाच त्याचा भाव.

ग्रीकांकडं यासाठी दोन शब्द आहेत. ‘टिमे’ म्हणजे मान, आणि ‘गेरास’ म्हणजे तो मान डोळ्यांना दिसावा म्हणून लुटीतून काढून दिलेली वस्तू. अकिलीसचं गेरास म्हणजे ब्रिसेईस. ती ॲगॅमेम्नॉननं भर सभेत सांगून काढून घेतली. (फेटा निदान निर्जीव असतो. ब्रिसेईस हाडामांसाची बाई. अकिलीसनं तिचं शहर लुटलं त्या दिवशी तिचा नवरा गेला, तिघे भाऊ गेले. हे ती एकोणिसाव्या सर्गात स्वतः सांगते. तिच्याकडं आपण शेवटच्या पत्रात येऊ.) तेव्हा अकिलीसचं भांडण हे आजच्या अर्थानं ‘बक्षिसावरून’ नाही. तू किती मोलाचा आहेस हे जगानं चारचौघांत एकदा ठरवलं आणि मग चारचौघांतच पुसलं, असा तो प्रकार आहे. त्या जगात माणसाची किंमत त्याच्या मनात नसते, लोकांच्या डोळ्यांत असते.

पुढच्या वर्षी त्या गावचे चौघे नारळ घेऊन आमच्या दारात आले. एकशे एक रुपये आणि दोन फेटे कबूल करत होते. आबांनी एवढंच विचारलं, “ज्यानं फेटा दुसऱ्याला बांधला त्यो आलाय काय?” तो आला नव्हता. “मग नारळ देवाला वाढवा.”

इलियडचा नववा सर्ग मी खूप वर्षांनी वाचला आणि पुस्तक मिटून बसले. ॲगॅमेम्नॉनही असेच तिघे पाठवतो : ओडिसियस, एजॅक्स आणि म्हातारा फिनिक्स. देणगीची यादी ऐक : सात तिपाया (तीन पायांची धातूची भांडी), दहा टॅलेंट (हे जुनं ग्रीक वजन) सोनं, वीस हंडे, बारा शर्यतीचे घोडे, सात बायका, वर ब्रिसेईस परत, शिवाय लढाई जिंकल्यावर मुलगी आणि सात गावं. आणि स्वतः येत नाही! उलट निरोपाच्या शेवटी म्हणतो, मी त्याच्याहून मोठा राजा आहे, त्यानं नमावं. ओडिसियस हुशार, ते वाक्य तो गिळून टाकतो. तरीही अकिलीस नाही म्हणतो. तो सांगतो, गुरं लुटून आणता येतात, तिपाया मिळवता येतात, पण माणसाचा जीव एकदा दातांच्या कुंपणाबाहेर पडला की लुटूनही परत येत नाही.

मग तो आपल्या दोन नशिबांची गोष्ट सांगतो. आई थेटिसनं त्याला सांगून ठेवलंय : इथं राहून लढलास तर घर बघणार नाहीस, पण नाव कधी मरणार नाही, घरी गेलास तर म्हातारा होशील, नाव राहणार नाही. तुझ्या पेपरचं उत्तर इथं आहे. शौर्य तर ट्रॉयच्या मैदानात ढिगानं पडलंय. वीर तो, ज्याला हा सौदा ठाऊक आहे आणि तो करावा की नाही यावर जो मनापासून भांडतो.

हे जे नाव, त्याला ग्रीक शब्द ‘क्लेओस’. मूळ अर्थ ‘जे ऐकू येतं ते’. आपल्या संस्कृत ‘श्रवस्’चा हा सख्खा भाऊ. ऋग्वेदात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ अशी जोडी येते, अकिलीस म्हणतो ‘क्लेओस अफ्थितोन’, म्हणजे न झिजणारी कीर्ती. कीर्ती हा ऐकण्याचा ऐवज आहे, म्हणून तिला गाणारा लागतो. ते तिघे तंबूत शिरतात तेव्हा अकिलीस काय करत असतो? वीणेसारखं वाद्य घेऊन जुन्या वीरांचे पोवाडे गात बसलेला असतो. लढणं सोडलेला माणूस दुसऱ्यांचे पोवाडे गातोय! आणि होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत, डेमोडोकस नावाचा आंधळा शाहीर आहे, त्याला होमर चक्क ‘हेरोस’ म्हणतो. हातात तलवार नसलेल्या माणसाला! तेव्हा या शब्दाला अजून आजच्या ‘हिरो’चा वास लागलेला नव्हता.

एखाद्या रविवारी करवीर तालुक्यातल्या बीड गावाला जाऊन ये. तिथले वीरगळ बघ. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. पुष्कळ वीरगळांवर बाजूला गाई असतात, कारण गावचं गोधन पळवणाऱ्यांशी लढताना तो गेलेला असतो. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढं बसलाय. सगळ्यांत वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे हे आहेत तोवर नाव आहे. आता इलियडचा सोळावा सर्ग काढ. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन मारला जातो. बाप देवांचा राजा, पण पोराला वाचवू शकत नाही. रक्ताचा पाऊस पाडतो आणि झोप व मृत्यू या जुळ्या भावांकडून त्याला लिसियाला, त्याच्या मुलखात पोचवतो. तिथं त्याचे भाऊबंद काय करणार? मातीचा ढीग आणि त्यावर एक उभा दगड. मेलेल्याचा मान तो हाच, असं होमर म्हणतो. माझ्या डोळ्यांपुढं ग्रीस आलंच नाही, बीड आलं.

सार्पेडॉनचंच बाराव्या सर्गातलं बोलणं पाठ कर, नोट्सपेक्षा ते उपयोगी पडेल. तो ग्लॉकसला विचारतो, लिसियात आपल्याला मानाची जागा, मटणाचा चांगला वाटा, भरलेले पेले आणि नदीकाठची इनामी जमीन का मिळते? तेव्हा आता पुढच्या रांगेत उभं राहायला पाहिजे, म्हणजे लोक म्हणतील, आपले राजे फुकटचं खात नाहीत. आणि लगेच पुढं : बाबा रे, ही लढाई चुकवून आपण कायमचे अजर-अमर होणार असतो तर मीही पुढं उभा राहिलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण हजार वाटांनी उभंच आहे, तर चल. म्हणूनच होमरचे देव वीर होऊ शकत नाहीत. ते मरत नाहीत, त्यामुळं त्यांचं काही पणाला लागत नाही. ऑलिंपसवर बसून त्यांची भांडणं चालतात ती निव्वळ करमणूक.

बाजीप्रभूंचं उदाहरण लिहू का, असं मनात आलं असेल तुझ्या. लिही, पण 1660 ची पावनखिंड अकिलीसशेजारी मांडू नकोस. मागं कोण आहे ते आठवून पाय रोवणारा माणूस हेक्टरच्या रांगेतला. हेक्टरला बायको वेशीवर अडवते, तान्हं पोर बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून भोकाड पसरतं, तो हसून ते काढून खाली ठेवतो. आणि तरी जातो, कारण न गेल्यास ट्रॉयच्या बायाबापड्यांना तोंड कसं दाखवू. या लाजेला ग्रीक ‘आयडोस’ म्हणतात. आपण ‘जनाची लाज’ म्हणतो.

एक गोष्ट मला या काव्यात टोचते, ती नोट्समध्ये नसणार. दुसऱ्या सर्गात थर्सायटीस नावाचा एक फेंगडा, लंगडा शिपाई उठतो आणि ॲगॅमेम्नॉनला म्हणतो, लूट सगळी तुझ्या तंबूत, मरायचं आम्ही. अकिलीस पहिल्या सर्गात जवळजवळ हेच बोललाय. अकिलीसचं महाकाव्य झालं. थर्सायटीसच्या पाठीत ओडिसियसनं राजदंड घातला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळं सैन्य हसलं. म्हणजे वीराचा पहिला गुण घराणं! ज्या गावात 1902 साली शाहू महाराजांनी मागासलेल्या समाजासाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, तिथं राहून मला हा सर्ग हसत वाचता येत नाही. परीक्षकाला हे आवडेल का, ते तू बघ.

आणि कुस्ती! कोल्हापूरच्या बाईला विचारलंस आणि कुस्ती नाही असं कसं होईल? तेविसावा सर्ग. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मेलाय, आणि त्याच्या अंत्यविधीला अकिलीस मैदान भरवतो. इनाम : जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या किमतीची तिपाई, हरणाऱ्याला चार बैलांच्या किमतीची बाई. (होय, तिपाई महाग.) एजॅक्स अंगानं डोंगर, ओडिसियस डावपेचाचा. दोघे एकमेकांना असे भिडतात की घराच्या आढ्याला जोडलेले वासे वाटावेत. पाठी करकरतात, बरगड्यांवर लाल वळ उठतात, आणि कुस्ती इतकी लांबते की बघणारे कंटाळतात. आमच्या खासबागेत, शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेल्या त्या मैदानात, अशा वेळी लोक काय ओरडतात ते छापता येणार नाही. मग एजॅक्स म्हणतो, तू मला उचल नाहीतर मी तुला. तो उचलायला जातो तोच ओडिसियस त्याच्या गुडघ्याच्या मागं नेमका तडाखा देतो आणि त्याला पाठीवर पाडून छातीवर बसतो. दुसऱ्या खेपेला दोघे शेजारी शेजारी मातीत. तिसऱ्यांदा उठणार तोच अकिलीस मध्ये पडतो : पुरे, कुस्ती बरोबरीत, दोघांना सारखं इनाम.

इथं मी नेहमी थांबते. इनामावरून ज्यानं अख्खं सैन्य मरू दिलं, तोच आता पंच आहे, आणि पुकाऱ्याला जागतोय. भालाफेकीची वेळ आली तेव्हा तो ॲगॅमेम्नॉनला फेकूही देत नाही. तूच पहिला, हे आम्हाला ठाऊक आहे, असं म्हणून बक्षीस देऊन टाकतो. राग कधी गेला? पॅट्रोक्लस मेला तेव्हा. बारा घोड्यांनी जे झालं नाही ते एका मित्राच्या मढ्यानं केलं. आणि तरीही हेक्टरला मारून त्याचं प्रेत तो रथामागं फरफटवतोच. ते सुटतं शेवटच्या, चोविसाव्या सर्गात. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री त्याच्या तंबूत येतो आणि पोराला मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. अकिलीसला आपला बाप आठवतो. दोघे रडतात, मग जेवतात. नोट्समधला ‘न्यायबुद्धी’ हा गुण खोडून तिथं ‘शत्रूच्या बापाला जेवायला वाढणे’ असं लिहिलंस तर मी तरी पूर्ण मार्क देईन.

आबांचं पुढं काय झालं, असं विचारशील. काही नाही. ते त्या गावाला परत गेले नाहीत आणि मैदान त्यांच्यावाचून दर वर्षी झकास झालं. अकिलीस रुसून बसला तर ग्रीकांची जहाजं पेटली. आबा रुसून बसले तर दुसरी जोड लागली.

प्रश्न : अकिलीसला टाच सोडून कुठंच काही लागत नव्हतं म्हणतात. मग त्याचं शौर्य ते काय? आमच्या कर्णानं कवचकुंडलं तरी काढून दिली.
— एक रिक्षाचालक, इचलकरंजी

दादा, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, पण ती टाच होमरची नाही. आईनं पाताळनदीत बुडवलं आणि टाच कोरडी राहिली, ही गोष्ट फार पुढं, रोमन काळात लिहिलेली सापडते. होमरच्या अकिलीसला लागतं. एकविसाव्या सर्गात दोन्ही हातांनी भाला फेकणारा ॲस्टेरोपायस त्याचा उजवा हात खरचटवतो आणि काळं रक्त उडतं. चिलखत आहे, देवाच्या भट्टीतलं आहे, पण आत कातडी तुमच्या-माझ्यासारखीच. मरताना हेक्टर त्याला सांगतोही, माझा भाऊ पॅरिस आणि अपोलो देव तुला वेशीपाशी मारतील. तो म्हणतो, येऊ दे. कर्णाशेजारी बसवायचाच तर हा बसवा. आणि लाकडी घोडाही इलियडमध्ये शोधू नका, त्याची गोष्ट ओडिसीत येते.

प्रश्न : बाई, तुमच्या या सगळ्या वीरांत एकही बाई नाही. की बायकांनी नुसतं रडायचं?
— एक गृहिणी, मंगळवार पेठ

इलियडमध्ये बहुतेक वेळा हो. ब्रिसेईस रडते, हेक्टरची बायको रडते, आणि जिच्यापायी हे युद्ध झालं ती हेलन स्वतःबद्दल म्हणते की पुढच्या लोकांनी आमच्यावर गाणी करावीत म्हणून झ्यूसनं आमच्या कपाळी हे लिहिलं. एवढी शहाणी बाई, पण हातात काही नाही.

ओडिसीत मात्र आहे. तिथं वीराचं मापच बदलतं. ताकद मागं पडते आणि ‘मेटिस’ पुढं येते, म्हणजे अक्कल, डोकं, वेळ पडली तर थाप. ओडिसियस एकडोळ्या राक्षसाला आपलं नाव ‘कुणीनाही’ सांगतो म्हणून वाचतो. आणि सुटल्यावर जहाजातून ओरडून खरं नाव सांगतो, बापाचं आणि गावाचंही! झालं, राक्षसानं शाप द्यायला नाव मिळालं, आणि घर लांबलं. नाव लपवणं त्याला जमतं, लपवून ठेवणं जमत नाही. पुरुष!

त्याच्या बायकोला, पेनेलोपीला, जमतं. दारात मागणी घालणारे शंभराहून जास्त टोळभैरव बसलेत आणि ती म्हणते, सासऱ्यांच्या कफनाचं कापड विणून होऊ दे, मग बघू. दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षं. नवरा वीस वर्षांनी परत येतो तेव्हा ती गळ्यात पडत नाही, दासीला सहज सांगते, यांचा पलंग बाहेर टाक. ओडिसियस भडकतो : तो पलंग हलेलच कसा, मी जित्या ऑलिव्हच्या बुंध्यातून कोरलाय! सगळ्या जगाला फसवून आलेला माणूस, घरात आल्यावर बायकोच्या एका वाक्यात अडकला. पुढं मेलेल्यांच्या लोकात ॲगॅमेम्नॉनचं भूत म्हणतं की पेनेलोपीच्या गुणाचं नाव कधी मरणार नाही. अकिलीसनं ज्यासाठी जीव दिला तो शब्द इथं मागावर बसणाऱ्या बाईशेजारी येतो.

आबा भिंतीकडं तोंड करून पडले ती दोन वर्षं घर आईनं चालवलं. त्यांच्या खुराकाची म्हैस होती. ती घेऊन आई संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभी राहायची आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून निरसं दूध विकायची. ओळखीचे विचारायचे, “पैलवान दिसत न्हाईत कुठं?” मी शेजारी तांब्या धरून उभी असायचे. आई मान वर न करता, धारेचा सूर न मोडता सांगायची, “तालमीत हाईत. जोर चालल्यात.”